'मी श्रावण पाळतो, मग मला व्यसन कसं?' : घरातल्या माणसाचं व्यसन ओळखण्यापासून उपचारापर्यंत

माझा दादा एसटीत कंडक्टर होता. एका आषाढीला आई त्याला पंढरपूरला घेऊन गेली आणि त्याच्या गळ्यात माळ घातली. माळ घातली की दारू-मटण बंद, हा आमच्याकडचा शिरस्ता. घरात सगळे खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे हात इतके थरथरत होते की बशीतला निम्मा चहा सदऱ्यावर सांडला. आई म्हणाली, 'उतरतेय अंगातली, उतरू दे.' संध्याकाळी तो ओट्यावरून उठला आणि डोळे पांढरे करून पडला. हातपाय ताठ, तोंडाला फेस. आम्ही कांदा हुंगवला. पाच मिनिटांनी शुद्धीवर आला, तेव्हा अशक्तपणा आला असेल म्हणून सोडून दिलं. तिसऱ्या रात्री दोनच्या सुमारास मला जाग आली, तर दादा अंधारात भिंतीसमोर उभा. 'पुढं सरका, पुढं सरका, मागं लोक लटकतायत,' असं भिंतीला सांगत होता आणि उजव्या हाताची बोटं तिकीट पंच करताना मिटतात तशी मिटत-उघडत होती. अंग तव्यासारखं तापलेलं, बनियन घामानं चिंब.

शेजारच्या काकू म्हणाल्या, बाहेरचं आहे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतचा वेळ देवऋषाकडे गेला. संध्याकाळी सिव्हिलला पोचलो. तिथल्या डॉक्टरांनी त्याला काय झालंय हे विचारलंच नाही. पहिला प्रश्न केला, 'शेवटची कधी घेतली होती?' आणि दुसरा, 'एकदम बंद करायला कुणी सांगितलं?'

सांगणाऱ्या आम्हीच होतो. दादा वाचला. या गोष्टीला बरीच वर्षं झाली. आता मी दर शनिवारी पिणाऱ्यांच्या घरच्या लोकांच्या गटात बसते. मी डॉक्टर नाही. पण गटात नवी आलेली प्रत्येक बाई जे विचारते, ते सगळं ज्या क्रमानं करायला हवं त्या क्रमानं इथे लिहितेय. औषध कोणतं आणि किती, हे मात्र डॉक्टरच ठरवतील.

आधी मोजा

'रोज थोडीशी घेतात' या वाक्यातून डॉक्टरांना काहीच कळत नाही. थोडीशी म्हणजे किती, ते आकड्यात सांगा. हिशेब सोपा आहे. मिलीलिटर गुणिले बाटलीवर छापलेला अल्कोहोलचा टक्का, त्याला १०० नं भागा, मग ०.८ नं गुणा. आले ते शुद्ध अल्कोहोलचे ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना १० ग्रॅमला एक माप धरते.

व्हिस्की, रम, ब्रँडी आपल्याकडे बहुतेक ४२.८ टक्क्यांची असते. म्हणजे ३० मिलीच्या लहान पेगमध्ये एक माप, 'नाईंटी'त तीन, क्वार्टरमध्ये सहा. आता बिअर. आठ टक्क्यांची स्ट्राँग बिअर, ६५० मिलीची बाटली, म्हणजे चार मापं. 'मी दारू सोडली, आता फक्त बिअर' म्हणत रोज दोन बाटल्या रिचवणारा माणूस क्वार्टरपेक्षा जास्त पितोय. हे गणित कागदावर मांडून दाखवलं की गटातल्या बायका हमखास गप्प होतात.

घरी तो कशातून पितो, तेही बघा. रिकामी क्वार्टर पाण्यानं भरा आणि त्याच्या नेहमीच्या ग्लासात त्याच्या नेहमीच्या खुणेपर्यंत ओता. 'दोन पेग' म्हणजे प्रत्यक्षात किती, ते बाटलीत उरलेल्या पाण्यावरून कळेल. हातभट्टीचं मात्र मोजमाप होऊच शकत नाही. त्यात किती अल्कोहोल आहे आणि अल्कोहोलशिवाय आणखी काय आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभराहून जास्त माणसं मेली, ती मिथेनॉलमुळे.

(महाराष्ट्रात दारू बाळगायला जो परवाना लागतो, तो कागदोपत्री आरोग्य राखण्यासाठी दिला जातो. दादाकडे होता तो, प्लास्टिकच्या कव्हरमध्ये, एसटीच्या पासच्या मागे.)

पंधरा दिवसांची वही

एक साधी वही घ्या आणि ती त्याच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. रोज दोन-तीन ओळी लिहायच्या. दिवसातली पहिली किती वाजता घेतली. किती घेतली. सकाळी उठल्यावर हात कसे होते, मळमळ, उलटी, घाम होता का. काम बुडालं का. पैसे कुठून आले. रात्रीचं सकाळी आठवत होतं का. राग, शिव्या, हिशेब वहीत उतरवू नका. डॉक्टरांना त्याचा उपयोग नाही, आणि उद्या वही त्याच्या हाती लागली तर तेवढंच वाचून तो ती फाडेल.

आमच्या वहीतली एक नोंद अशी होती : 'सकाळी ५.४०. ड्युटीला जायच्या आधी मोरीत गेला. तिथं नाईंटी. मग दाढी केली, हात स्थिर.' ही एक ओळ वाचूनच डॉक्टरांनी मान हलवली होती. किती पितो यापेक्षा, दाढीचं ब्लेड धरता यावं म्हणून पितो, ही गोष्ट जास्त बोलकी असते. पिणारे याला 'उतारा' म्हणतात. उतारा लागणं म्हणजे शरीर दारूवर चालायला लागलंय.

सहा खुणा

आता निदान. पिणारा प्रत्येक माणूस व्यसनी नसतो, हे आधी मान्य करू. एम्सनं केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत १० ते ७५ वयोगटातले सुमारे १४.६ टक्के लोक दारू पिणारे निघाले आणि २.७ टक्के तिच्यावर अवलंबून. म्हणजे पिणाऱ्या पाच-सहांमागे एक. तो एक आपल्या घरात आहे का, एवढंच बघायचंय.

घरच्या घरी सुरुवात करायला चार प्रश्न आहेत. 'केज' या नावानं ते जगभर वापरले जातात. प्यायचं कमी करावं असं कधी वाटलं का? कुणी टोकलं की चिडचिड होते का? पिण्याबद्दल अपराधी वाटलं का? सकाळी उठल्या उठल्या उतारा लागला का? दोन उत्तरं 'हो' आली तर पुढे जायलाच हवं. जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' नावाची दहा प्रश्नांची चाचणीही आहे, ४० गुणांची. ८ पासून पुढे धोका आणि २० पासून पुढे अवलंबित्वाची दाट शंका, असं साधारण वाचतात. पण या चाळण्या आहेत. चाळणीत अडकलं म्हणजे निदान झालं असं नाही.

डॉक्टर बघतात त्या सहा खुणा, आणि त्यातल्या तीन किंवा जास्त गेल्या बारा महिन्यांत एकत्र दिसल्या तर अवलंबित्व म्हणतात. आयसीडी-१० मधलं, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतलं, हे सूत्र बहुतेक डॉक्टरांच्या तोंडी आहे. नव्या आयसीडी-११ मध्ये त्यांचे तीन गट केलेत आणि दोन पुरतात. अमेरिकन पद्धतीत अकरा निकष आहेत. दोन-तीन जुळले तर सौम्य, चार-पाच तर मध्यम, सहा किंवा जास्त तर तीव्र. आकडे वेगळे असले तरी बघायची गोष्ट एकच.

पहिली खूण तलफ. संध्याकाळी साडेसहा वाजले की माणूस घरात येरझारा घालायला लागतो, उगाच 'जरा कोपऱ्यावर जाऊन येतो' म्हणतो.

दुसरी, ताबा सुटणं. ही सगळ्यात महत्त्वाची, आणि इथेच सगळ्यांचा घोटाळा होतो. लोकांना वाटतं ताबा म्हणजे न पिण्याची ताकद. पण बघायचं ते पहिला पेग पोटात गेल्यावर. एकच घेऊन उठायचं ठरवलं होतं, उठला का? आठ वाजता येतो म्हणाला होता, आला का? ठरवलेलं आणि घडलेलं यांतलं अंतर वहीत लिहीत जा.

तिसरी, दारू तुटली की त्रास. थरथर, घाम, मळमळ, झोप उडणं, छातीत धडधड. चौथी, तेवढ्यानं न भागणं. आपल्याकडे या खुणेचं कौतुक होतं. 'काय कपॅसिटी आहे राव, खंबा मारला तरी चालताना डुलत नाही.' कपॅसिटी वाढणं म्हणजे मेंदू दारूला सरावला. वर्षानुवर्षं प्यायल्यावर उलटंही होतं. आधी क्वार्टरला न हलणारा माणूस नाईंटीत आडवा होतो. घरच्यांना वाटतं कमी केली. बऱ्याचदा यकृत हरलेलं असतं.

पाचवी, बाकीचं सगळं सुटत जाणं. क्रिकेट, भजन, मुलांची शाळा, मित्र. उरतात ते पिणारे मित्र. सहावी, नुकसान डोळ्यांनी दिसत असूनही चालू राहणं. डॉक्टरांनी सोनोग्राफी समोर धरली, आणि त्याच संध्याकाळी बाटली उघडली.

आता श्रावण. 'महिनाभर थेंब घेत नाही, मग मला व्यसन कसं?' हा महाराष्ट्रातल्या पिणाऱ्याचा हुकमी पत्ता. गटारीला मनसोक्त, मग श्रावण कडक. त्याच्यावर घरचेही फसतात. बारा महिन्यांचं निदान एका महिन्यावर होत नाही, ही पहिली गोष्ट. दुसरी, अवलंबून असलेला माणूस थांबू शकतोच. कित्येक जण वर्षातून चार-चार वेळा थांबतात. त्यांना जमत नाही ते थांबून राहणं. तेव्हा श्रावणाबद्दल तीन गोष्टी विचारा. पहिले चार दिवस कसे गेले? झोप लागली का, हात थरथरले का? महिनाभर दारूच्या जागी काय आलं? गांजा, झोपेच्या गोळ्या, 'बिअर चालते श्रावणात'? आणि श्रावण संपल्यावर पहिल्या संध्याकाळी किती घेतली? दादा नऊ श्रावण पाळत होता. नवव्या श्रावणात त्याच्या खिशात अल्प्राझोलम या झोपेच्या गोळ्यांची अख्खी पट्टी सापडली. कुणीतरी डेपोत दिली होती. या गोळ्या मेंदूत दारूच्याच वाटेनं जातात, म्हणून श्रावण सुखाचा जायचा.

बायकांच्या पिण्याबद्दल घरं अजून गप्प असतात, म्हणून एवढंच लिहिते. बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, त्यामुळे तेवढ्याच दारूनं रक्तातलं अल्कोहोल जास्त वाढतं आणि यकृत लवकर बिघडतं. खुणा त्याच. लपवणं मात्र दसपट.

शरीर काय सांगतं

रक्ततपासणीवर लोक फार भरवसा ठेवतात. 'एलएफटी (यकृताची तपासणी) नॉर्मल आली' म्हणजे सुटलो. तसं नाही. यकृत बराच काळ तक्रार न करता काम ओढत राहतं. याच तपासणीतलं जीजीटी वाढलेलं, एएसटीचा आकडा एएलटीच्या दुपटीच्या आसपास, लाल पेशींचा आकार म्हणजे एमसीव्ही वाढलेला, असं एकत्र दिसलं की डॉक्टर दारूचा संशय घेतात. यातला एमसीव्ही मला आवडतो, कारण तो खोटं बोलू देत नाही. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यामुळे तपासणीच्या आधी आठवडाभर सोडून तो आकडा सुधारत नाही. तरीही अवलंबित्वाचं निदान रक्तावरून होत नाही. ते वागण्यावरून होतं, रक्त फक्त नुकसान सांगतं.

काही खुणा दिसल्या तर वही-बिही बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा. डोळे पिवळे, पोट फुगून पाय सुजणं, रक्ताची उलटी, डांबरासारखं काळं शौच, पाठीत कळ जाणारी पोटदुखी. आणि एक खूण लोक हमखास चुकवतात : चालताना तोल जाणं, एकाची दोन दिसणं, भ्रमिष्टासारखं बोलणं, आणि तेही प्यायलेला नसताना. हे ब जीवनसत्त्वातल्या थायमिनच्या म्हणजे बी-१ च्या कमतरतेनं होतं. दारूड्याचं जेवण सुटलेलं असतं आणि आतडं जीवनसत्त्व शोषत नाही. वेळेत इंजेक्शन मिळालं तर सुधारतं. उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची जाते. इथे आपल्याकडची एक सवय घात करते : 'अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा.' थायमिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर हा आजार उफाळू शकतो. म्हणून कुठल्याही दवाखान्यात, साध्या तापासाठी गेलात तरी, 'हे रोज पितात' हे डॉक्टरांना मोकळेपणानं सांगा. लाज नंतर.

दारूपलीकडचं

ब्राउन शुगर, म्हणजे आपल्याकडे जिला गर्द म्हणतात, ती तुटली की नाक गळतं, जांभयांवर जांभया, अंगावर काटा, हाडं फोडल्यासारखं दुखणं, जुलाब. बघवत नाही, पण धडधाकट माणसाच्या जिवावर सहसा बेतत नाही. तिचा खरा धोका नंतर. महिनाभर सोडलेल्या मुलानं जुन्या सवयीनं जुनाच डोस घेतला की श्वास बंद पडतो, कारण शरीराची सवय गेलेली असते. बाहुल्या टाचणीएवढ्या, श्वास मंद, ओठ निळे, हलवून जाग येत नाही, असं दिसलं की १०८. गर्दसाठी ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधं आहेत आणि ती महिनोन्महिने घ्यावी लागतात. 'एक नशा सोडून दुसरी' हा त्यावरचा आक्षेप मला पटत नाही. टोचायच्या सुईपासून आणि रस्त्यावरच्या पुडीपासून मुलगा लांब राहतो, हे थोडं आहे का?

गांजाबद्दल तरुण मुलं 'नैसर्गिक आहे' म्हणतात. संशय, एकलकोंडेपणा, भास सुरू झाले तर नैसर्गिक-अनैसर्गिक वाद न घालता मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. झोपेच्या गोळ्यांचं मात्र दारूसारखंच आहे. एकदम तोडल्या तर फिट येऊ शकते. लघवीच्या तपासणीबद्दल एक सूचना : मुलाच्या नकळत किट आणून पोलिसी करू नका. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत गांजा काही आठवडे दिसतो, अफूवर्गीय पदार्थ दोन-तीन दिवसच. आणि खसखस किंवा कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधानंही तपासणी पॉझिटिव्ह येऊ शकते.

बोलायचं कधी

प्यायलेल्या माणसाशी बोलायचं नाही. हा नियम सगळ्यांना माहीत असतो आणि सगळे रात्री दहा वाजताच भांडतात. सकाळी, चहाच्या वेळी, पोरं शाळेत गेल्यावर. एकाच माणसानं बोलायचं, सासू-सासरे-मेहुण्यांची पंचायत बसवायची नाही. वहीतली एकच गोष्ट काढायची.

आमच्या वहिनीनं जे केलं ते सांगते. 'अहो, मंगळवारी पहाटे तुमचे हात थरथरत होते. दाढी करताना कापलं. मला भीती वाटली.' दादा म्हणाला, 'काही नाही, झोप झाली नव्हती.' ती भांडली नाही. 'डॉक्टरांना नुसते हात दाखवून येऊ. दारूचं मी काढणार नाही, त्यांनी विचारलं तर तुम्ही सांगा.' दादा चौथ्या वेळी तयार झाला. तीनदा 'बघू' म्हणाला होता. 'बघू' हा नकार नसतो, हे वहिनीला कळलं होतं, मला नव्हतं.

शपथा घालू नका. पोरांच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडली की त्या अपराधापायीच माणूस पुन्हा पितो.

सोडतानाचे पहिले पाच दिवस

हा भाग दोनदा वाचा. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्या माणसाची दारू एकाएकी तुटली की जिवाला धोका असतो. दारू मेंदूला गुंगवत असते, आणि त्या गुंगीवर मात करायला मेंदू सतत चढ्या आवाजात चालत असतो. दारू गेली तरी आवाज चढाच राहतो. म्हणून थरथर, म्हणून फिट, म्हणून भास.

शेवटच्या पेगनंतर ६ ते २४ तासांत थरथर, घाम, मळमळ, धडधड. फिट आलीच तर बहुधा पहिल्या ४८ तासांत. दुसरा ते चौथा दिवस सगळ्यात वाईट. भ्रम होतो, वेळ-जागा कळत नाही, मुंग्या, साप, माणसं दिसतात, ताप चढतो. माणूस आपल्या रोजच्या कामाच्या हालचाली करत राहतो. शिंपी हवेत सुई ओवतो, ड्रायव्हर गिअर टाकतो, दादा तिकिटं पंच करत होता. याला डॉक्टर डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार न झाले तर यात माणसं दगावतात. भुताखेताचा काही संबंध नाही, पण तिसऱ्या रात्री घरच्यांना दुसरं काही सुचत नाही हेही खरं.

म्हणून 'आजपासून बंद' असं घरात जाहीर करू नका. आधी डॉक्टर, मग बंद. आधी कधी फिट आली असेल, भास झाले असतील, सकाळी उतारा लागत असेल, यकृत-हृदयाचा आजार असेल, वय जास्त असेल किंवा घरात चोवीस तास लक्ष ठेवणारं कुणी नसेल, तर ॲडमिटच करा. दवाखान्यात थरथर, घाम, अस्वस्थता यांना गुण देऊन त्रास मोजतात, डायझेपाम किंवा लोराझेपामसारखी औषधं देऊन ती रोज कमी करत साधारण आठवड्याभरात बंद करतात, आणि थायमिन देतात. हीच औषधं मेडिकलमधून आणून घरी देऊ नका. वर दारू प्यायली तर श्वास थांबू शकतो. आणि डॉक्टर भेटेपर्यंत मधले दोन दिवस काढायचे असतील, तर एकदम तोडण्यापेक्षा प्रमाण न वाढवता तसंच चालू राहणं बरं. आईला हे ऐकवत नाही, मला माहीत आहे.

फिट आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही सरकवा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू हटवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, पाणी, बोट काही घालू नका. कांदा आणि चप्पल दोन्ही जागच्या जागी राहू द्या. १०८ ला फोन.

कुठे न्यायचं

जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथून सुरुवात स्वस्त आणि बरी. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. पुण्यातलं मुक्तांगण डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलं. पुलं-सुनीताबाईंनी त्याला हात दिला होता. फोनवरून विचारायचं असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस १४४१६, दोन्ही मोफत. एम्सच्या त्याच पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला कसलेतरी उपचार मिळाल्याचं दिसलं होतं. सदतीस जण उपचारांपर्यंत पोचतच नाहीत.

खासगी केंद्र निवडताना डोळे उघडे ठेवा. मानसोपचारतज्ज्ञ रोज येतात की फलकावर नुसतं नाव आहे? रात्री नर्स असते का? नोंदणीचा कागद दाखवतात का? नातेवाइकांना भेटू देतात का? 'गाडी पाठवतो, चार पोरं येऊन उचलून नेतील' असं म्हणणाऱ्या जागी पाठवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकार येतात. त्यात साखळदंडाला बंदी आहे, आणि नातेवाइकांच्या एका सहीवर कुणाला महिनोन्महिने कोंडता येत नाही. आम्ही पहिल्यांदा दादाला अशाच एका जागी ठेवलं होतं. तीन महिन्यांनी आणायला गेलो, तर त्याच्या घोट्यावर वण होता. त्यानं कधी सांगितलं नाही, आम्ही कधी विचारलं नाही.

अमली पदार्थांच्या बाबतीत 'पोलीस पकडतील' म्हणून लोक उपचार टाळतात. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात, १९८५ च्या, कलम ६४-अ आहे. थोड्या प्रमाणात बाळगल्याचा किंवा सेवनाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याला खटल्यातून संरक्षण मिळू शकतं. वकिलाला विचारून घ्या.

आणि भिंतीवरची ती जाहिरात : 'न सांगता दारू सोडवा, चहातून-भाजीतून द्या.' नका देऊ. त्या पुडीत काय असतं कुणास ठाऊक, आणि डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचं औषध असलं तर नकळत घेऊन वर दारू प्यायलेल्या माणसाचा चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदय कमजोर असेल तर जीव जातो. हे औषध चांगलं आहे, पण घेणाऱ्यानं जाणून-समजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायचं. शेवटच्या दारूनंतर किमान १२ तास गेल्याशिवाय सुरू करत नाहीत, आणि बंद केल्यावरही दोन आठवडे दारू घेतली तर त्रास होऊ शकतो.

घरी आल्यावर

डिटॉक्सनंतर, म्हणजे दवाखान्यात दारू उतरवल्यावर, माणूस घरी येतो तो आठवडा घरच्यांना वाटतं संपलं. सुरुवात तिथून होते. तलफ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट अशी औषधं असतात, ती बरेच महिने चालतात. नाल्ट्रेक्सोन गर्दवाल्याला अंगातून गर्द पूर्ण गेल्याशिवाय देत नाहीत, म्हणून डॉक्टरांपासून काही लपवायचं नाही. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा मराठीत चालतात, पैसे लागत नाहीत, नाव सांगावं लागत नाही. दादा पहिल्या सभेला दाराशी चपला न काढता उभा राहिला होता. दुसऱ्या सभेला चपला काढल्या. घरच्यांसाठी अल-ॲनॉन वेगळं असतं.

कॅलेंडर घ्या आणि त्यावर धोक्याचे दिवस लाल करा : पगाराची तारीख, गटारी, धुळवड, एकतीस डिसेंबर, मेहुण्याच्या मुलीची हळद. त्या दिवशी तो कुठे असेल आणि सोबत कोण असेल ते आधी ठरवा. एटीएम कार्ड काही महिने वहिनीकडे, पण त्याच्या संमतीनं, आणि रोजच्या खर्चाचे पैसे त्याच्या खिशात. माणसाला पोरासारखं वागवलं की तो पोरासारखाच पळवाट काढतो. घरातल्या जागाही बघून घ्या. संडासाची टाकी, तांदळाचं पिंप, जुन्या स्कूटरची डिकी. आमच्याकडे देवघराच्या मागे निघाली.

आणि पुन्हा प्यायला तर? बहुतेक जण एकदा तरी घसरतात. त्या रात्री एक शब्द बोलू नका. गाडीची किल्ली काढून घ्या, कुशीवर झोपवा. औषध चालू असेल तर, विशेषतः डायसल्फिराम, लगेच दवाखान्यात फोन करा. सकाळी वहीत तारीख, वेळ, किती, कुणासोबत एवढं लिहा. एका रात्रीची घसरण असेल आणि हात स्थिर असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा. आठ-दहा दिवस सलग पिणं झालं असेल तर पुन्हा तेच : एकदम तोडायची नाही, आधी डॉक्टर.

दादा दोनदा घसरला. दुसऱ्यांदा स्वतःच सकाळी वही मागितली, आणि लिहून परत वहिनीच्या हातात दिली. त्याचं अक्षर तिकिटांच्या हिशेबासारखं, बारीक : 'काल रा. ९.१५. स्टँडमागे. क्वार्टर. एकटाच.'